काळं कापड

—अहो हळू, हळू! तसा एका हाताने नाही उचलायचा तो. खालून हात घाला. दुसऱ्या हाताने हा भाता सांभाळा — हा काळा, घड्याघड्यांचा, हाच — त्याला नख जरी लागलं ना, तर बारीक भोक पडतं, आणि भोक पडलं की कळेपर्यंत प्रत्येक फोटोत कुणाच्या ना कुणाच्या कपाळावर पांढरा डाग. हां, ठेवा असा स्टँडवर. फिरवा तो स्क्रू. आणखी फिरवा, घाबरू नका, ओरडतो तो जरा. झालं. बघितलंत ना वजन? आणि हा नुसता कॅमेरा हं! स्टँड वेगळा, फिल्म घालायच्या होल्डरची पिशवी वेगळी, हे काळं कापड वेगळं, भिंग वेगळं, उजेड मोजायचं मीटर वेगळं. एक फोटो काढायला बाहेर पडायचं तर घर बदलल्यासारखं निघावं लागतं. आमचे हे म्हणायचे, "सामान कुठे फार आहे?" म्हणायला काय जातंय, अर्धं माझ्या खांद्यावर असायचं.

काय म्हणताय? नाही, थांबा, पैशांचं नंतर. तुम्ही आल्यापासून काहीतरी सांगायला तोंड उघडताय आणि मी तुम्हाला बोलू देत नाहीये, कळतंय मला, पण वेळ थोडा आहे हो. हे बहिणीकडे गेलेत. एरवी 'जा, जाऊन या' म्हणून मी घसा कोरडा केला तरी उंबरा ओलांडत नाहीत, आणि आज जेवण झाल्यावर आपण होऊन निघाले, इस्त्रीचा शर्ट घालून. म्हटलं, देव पावला. ते यायच्या आत तुम्ही हे सगळं गाडीत घालून गेलं पाहिजे. फिल्म धुवायचं औषध देतो त्या केमिकलवाल्यानेच पाठवलं ना तुम्हाला? त्याला मी बजावून ठेवलं होतं, गिऱ्हाईक बघ, पण ह्यांच्या कानावर जाता कामा नये. — बरं बरं, ते मग सांगा. आधी माल बघा. नीट बघून घ्या, उगाच मागाहून मला बोल नको.

घ्या, शिरा आत. पूर्ण डोक्यावरून घ्या कापड, खांद्यांपर्यंत. दुधी काच दिसतेय? नुसता काळोख ना? लेन्स उघडली नाही अजून. थांबा — हां, आता? आता मी खुर्चीपाशी उभी राहते, समोर माणूस असल्याशिवाय काही कळायचं नाही. दिसले? उलटी ना? खाली डोकं, वर पाय. हसू नका! लग्न झाल्यापासून ह्यांनी मला जेवढं बघितलंय ना, त्यातलं निम्मं उलटंच बघितलंय. गिऱ्हाईक बाहेर बाकावर बसलेलं असायचं, मी इथे उभी, हे आत कापडात — "डावीकडे हो. मान वर. हलू नकोस." आणि सगळं जुळलं की, "हं, हो बाजूला." मग तिथे गिऱ्हाईक बसायचं आणि फोटो त्याचा निघायचा. माझा नाही एकही. खरं वाटत नाही ना कुणाला? फोटोवाल्याची बायको, सगळा जन्म कॅमेऱ्यासमोर उभी, आणि फोटो नाही. फिल्म महाग ना हो. पंजाएवढी एक फिल्म, ती काय बायकोवर घालवायची?

तुम्हाला ऐकू येतंय ना आत? ह्यांना यायचं नाही. म्हणजे येत असेल, पण उत्तर नाही कधी. मी आपली इथे उभी राहून बोलत सुटायची — सासूबाईंचं औषध संपलंय, मुलीच्या शाळेत बोलावलंय, नळ गळतोय — आणि समोर नुसतं काळं कापड आणि त्याखाली दोन पाय. भांडायचं असलं तरी तेव्हाच भांडायची मी. कापडाशी भांडायला बरं पडतं. तोंड दिसत नाही, त्यामुळे थांबावंसंच वाटत नाही. आई गेली तेव्हा रडले तीसुद्धा इथेच उभी राहून. आत काही हललं नाही. थोड्या वेळाने आतून म्हणाले, "जरा वेळ अशीच राहा." मला वाटलं, फोकससाठी. आता तुमचेही पायच दिसतायत मला, तेव्हा सवयीने काही बोलून गेले तर मनावर घेऊ नका.

आता तुम्ही म्हणाल, खिशातल्या फोनवर चुटकीसरशी फोटो निघतो, मग ह्या धुडात आहे काय एवढं? आहे. खोटं कशाला बोलू? एक शिंपी आला होता, स्वतः शिवलेला कोट घालून, ऐटीत. फोटो हातात घेतला आणि "अरेरे!" म्हणाला. खिशावरची एक टीप तिरकी गेलेली. इतकी वर्षं कोट अंगावर, त्याला दिसली नव्हती, ती फोटोत दिसली. गेला, खिसा उसवला, परत शिवला आणि परत फोटो काढायला हजर! तर असं आहे ते. आणि दुसरं म्हणजे — हे मी ह्यांच्यासमोर कधी बोलले नाही, उगाच चढून बसतील — माणूस खुर्चीत बसतो ना, तो हसून बसतो. मग हे आत जाणार, बाहेर येणार, लेन्स बंद करणार, होल्डर घालणार, त्याची पट्टी ओढणार, तोवर ते हसू कंटाळून निघून जातं. आणि मग जो चेहरा उरतो ना, तो. एका वकिलांचा फोटो बघून त्यांची बायको म्हणाली, "हे असे फक्त झोपेतून उठल्यावर दिसतात, आणि तेही मलाच." तिने तो घरी लावू दिला नाही, कपाटात ठेवला. तिचं तिला माहीत.

पण जाच म्हणाल तर — बाई गं! आमची न्हाणीघराची खिडकी कधी उघडलेली आठवत नाही मला. काळा कागद ठोकलेला. आत हे फिल्म धुतायत, बाहेर मुलगी टॉवेल घेऊन दाराशी, "बाबा, आटपा!" आणि आतून, "दार उघडू नका!" किती दिवस ती पोर तशीच कॉलेजला गेलीय. हाताला वास, टॉवेलला वास, चहाला वास. धुळीचा एक कण होल्डरमध्ये गेला की एवढ्या खटाटोपाचं मातेरं. आणि चुका तर काय, जागोजागी टपलेल्या. होल्डरच्या पट्टीला एका बाजूने पांढरी कड असते, एका बाजूने काळी — बघा तिथे पिशवीत, दिसेल — पांढरी बाहेर म्हणजे फिल्म कोरी, फोटो काढला की उलटून काळी बाहेर करायची. बस, एवढंच. आणि एवढंच एकदा विसरले. एकाच फिल्मवर दोन गिऱ्हाइकं! एक बिनलग्नाचे पोस्टमास्तर होते, खडूस म्हणून प्रसिद्ध, त्यांच्या मांडीवर भलत्याच कुणाचं बाळ बसलेलं. हे मान खाली घालून उभे, आता हा माणूस आभाळ डोक्यावर घेणार म्हणून. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. म्हणाले, "हाच द्या." दुसरा काढून देतो म्हटलं फुकट, तर नको. तोच घेऊन गेले.

काय? जरा मोठ्याने बोला, कापडात आवाज दबतो. — दोरी? कुठली दोरी? आहे की, ती कॅमेऱ्याला... अहो, पण ती तर मी सकाळीच सोडून ठेवली, ह्या माझ्या पर्समध्ये आहे. तुम्हाला कुणी सांगितलं दोरीचं? केमिकलवाल्याने? हां, तो आला होता एकदा फिक्सर द्यायला, तेव्हा बघितलं असेल मेल्याने. काही नाही हो ती, साधी सुतळी आहे. अंतर मोजायला. एक टोक लेन्सच्या खाली बांधायचं, गाठ माणसाच्या डोळ्याशी टेकली की अंतर बरोबर. तिचा ह्या व्यवहाराशी काही संबंध नाही. तुम्ही काच बघा.

— बघताय ना? मग गप्प का झालात? असे गप्प राहिलात की मला बोलावं लागतं. सांगते. कुणाला तरी सांगायलाच हवं, मुलगी लांब असते, तिला फोनवर काय सांगू? ऐका, पण बाहेर येऊ नका. तुम्ही आतच राहा, म्हणजे मला सांगता येईल.

त्या दिवशी दूध उतू गेलं. मी इथे उभी होते, हे आत. वास आला, म्हणून मी न बोलता धावले आत, गॅस बंद केला, ओटा पुसला. आणि परत येते तर — हे कापडातच. आणि म्हणतायत, "हं, सुरेख. डोळ्यावर फोकस लागलाय बघ. आता अजिबात हलू नकोस." कुणाला? इथे कोण होतं? नुसती खुर्ची. मी दारात उभी. ओला फडका हातात. आणि हा माणूस रिकाम्या जागेला म्हणतोय, "अजिबात हलू नकोस."

काय केलं असतं तुम्ही? मी पाय न वाजवता आले आणि उभी राहिले जागेवर. "हं, हो बाजूला," म्हणाले. झाले बाजूला.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी एकटी जाऊन विचारून आले. ह्यांना त्यांनी केव्हाच सांगितलेलं होतं, मला मात्र हे म्हणाले होते, चष्म्याचा नंबर वाढलाय. नजरेतलं मधलं जातं म्हणे ह्या दुखण्यात. कडेकडेचं दिसतं, त्यामुळे चालताना अडत नाही, जिना चढतील, ताट वाढलेलं कळेल. पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच नाही. म्हणजे मी समोर उभी राहिले तर माझ्या बाजूची भिंत दिसते, मी नाही. आणि गंमत बघा, अंधारातलं काम अजून तंतोतंत! फिल्म होल्डरमध्ये घालणं, धुणं, सगळं बोटांनी. तिथे आजही चूक नाही. उजेडातच सगळा घोळ.

तर मग ती दोरी. हे आंघोळीला गेले की मी कापडात शिरायची. खुर्चीवर पेपर उभा करून ठेवायचा, भिंगातून बघायचं, मोठ्या मथळ्याखालची बारीक अक्षरं सुद्धा लख्ख दिसेपर्यंत तो स्क्रू फिरवायचा. उलटी अक्षरं वाचून वाचून माझी मान धरली. सगळं जुळलं की त्या अंतराला सुतळीला गाठ, आणि इथे खालच्या दांडीवर, जिथवर लेन्स पुढे येते तिथे, नेलपॉलिशचा एक थेंब. मुलीचं राहिलं होतं कपाटात. वाळला की टणक होतो, बोटाला लागतो. खुर्चीची एक गाठ, उभ्या माणसाची एक, मोठ्या घोळक्याची एक. ह्यांनी हात फिरवला तेव्हा विचारलं, "हे काय?" म्हटलं, "सोय. माझी मान भरून येते उभी राहून, गाठ लावली की लवकर सुटते मी." हो म्हणाले. एका शब्दाने पुढे विचारलं नाही. आणि बघा, परत फोटो लख्ख यायला लागले! लोक म्हणायचे, वय झालं तरी नजर काय आहे! मी चहा करायला आत जायची. मात्र एक, दोरीने फोकस लागत होता तरी हे आत जायचे ते जायचेच. उलट पूर्वीपेक्षा जास्त वेळ. मी म्हणायची मनात, करा बाबा सोंग, आणि उभी राहायची. पाय दुखायचे. बडबडत राहायची.

परवापर्यंत चाललं. मग त्या हेडमास्तरीणबाई आल्या. शाळेला त्यांचा फोटो लावायचा होता. कानाने अगदी कमी. मी गाठ लावली त्यांच्या डोळ्याशी, सगळं बरोबर, हे म्हणाले, "आता हलू नका," आणि त्या "अं?" म्हणून पुढे वाकल्या. वाकल्या त्या तशाच राहिल्या. मला दिसत होतं हो. मी तोंड उघडलं, पण काय म्हणणार होते गिऱ्हाइकासमोर? 'अहो, तुम्हाला दिसत नाहीये का?' झालं, शटर वाजलं. आणि फिल्म वाळल्यावर ह्यांनी ती खिडकीशी धरली. म्हणाले, "बघ. पापणी न पापणी मोजून घ्यावी." पापणी! चेहराच नव्हता त्याच्यात, नुसतं धूसर, पिठासारखं काहीतरी. मागच्या पडद्याच्या सुरकुत्या तेवढ्या स्पष्ट. आणि हे हसतायत. "शाळेला हाच मोठा करून देऊ," म्हणाले, "दर्शनी भिंतीवर लागेल."

मी शाळेला सांगितलं, फिल्म खराब निघाली. एकदा सांगता येईल, दोनदा येईल. पण पुढच्या वेळी तो फोटो मला आधी मिळाला नाही तर? हे स्वतःच घेऊन गेले, चारचौघांत उघडून दाखवला, आणि कुणी हसलं तर? किंवा हसलंसुद्धा नाही, नुसतं एकमेकांकडे बघितलं तर? ते दिसणार नाही हो ह्यांना. तेवढंच मला सहन होणार नाही. म्हणून विकतेय. पैशाची नड आहे म्हणून सांगणार आहे. बायकोने न विचारता विकला, दुष्ट आहे, तिला कधी किंमतच नव्हती ह्याची — म्हणू देत. माझ्यावर चिडून राहतील तेवढे दिवस त्यांना वाटेल तरी की कॅमेरा असता तर अजून काढले असते फोटो. तेवढं राहू दे त्यांच्याकडे. मला काय, मला ऐकून घ्यायची सवय आहे. — नाही, रडत नाहीये मी. उलटं दिसतं त्यात, म्हणून तुम्हाला तसं वाटतंय.

या बाहेर आता. झालं ना बघून? केस विस्कटलेत बघा तुमचे. ह्यांचेही व्हायचे. बोला, काय सांगायचं होतं मघापासून? आता बोला.

— कुणी? — नाही, परत सांगा. केमिकलवाल्याने नाही? मग कुणी पाठवलं तुम्हाला? — हे? ह्यांनी? केव्हा? — फोन करून? इथून? मी कुठे होते? — आणि काय म्हणाले? तुमच्या शब्दांत नको, ते बोलले तसं सांगा.

"ती विकायला निघालीय, पण तिला तिच्याच मनाने विकतेय असं वाटू द्या." असं. आणि? "कॅमेऱ्याबरोबर दोरी मागून घ्या. गाठी तिच्या हातच्या आहेत, अगदी बरोबर आहेत."

बसा. नाही, तुम्ही बसू नका, मी बसते. ह्या खुर्चीवर कधी बसले नव्हते मी.

म्हणजे तो इस्त्रीचा शर्ट! म्हणजे तो केमिकलवाला फुटला असणार, म्हणजे सगळं ठाऊक. ती पापणी न पापणी — ते काय, माझ्यासाठी? मी त्यांना कळू नये म्हणून मरतेय आणि हा लबाड माणूस मला वाईट वाटू नये म्हणून खिडकीशी उभा राहून हसतोय! बोलायचं की! एवढी वर्षं एका घरात राहून एवढंही... आणि दोरीचं कळलं होतं, फोकस दोरीने लागतोय हे कळलं होतं, आत काही म्हणजे काही दिसत नव्हतं, तर मग एवढा एवढा वेळ त्या कापडात काय करत बसायचे हो? अंधारात? गिऱ्हाईक बाहेर खोळंबलंय, आणि हे आत, आणि मी इथे उभी राहून आपली नळ, औषध, मुलगी, शेजारीण —

ऐकत होते.

अगं बाई.

— नको, पाणी नको मला. तुम्ही उचला आता. पैसे ठेवा तिथे कुठेही, मोजत नाही मी. भाता मिटा आधी, असा. खालून हात. ही घ्या दोरी. घ्या, म्हणालेत ना ते, घेऊन जा, तुम्हाला उपयोगी पडेल. होल्डर घ्या, भिंग घ्या, मीटर घ्या, स्टँडचा पाय सांभाळा दारात. — ते नाही! ते ठेवा. कापड नाही द्यायचं मी. दुसरं शिवून घ्या, कुठलंही जाड काळं चालतं, मांजरपाटाचं दुहेरी केलंत तरी चालेल. हे राहू दे इथे.

फाटक वाजलं का? वाजलं. पाय ओळखते मी. मागच्या दाराने निघा, इकडून. आणि एक ध्यानात ठेवा, तुम्ही मला काही सांगितलं नाहीत आणि मी काही ऐकलं नाही. मला आता चेहरा पाडून बसायचंय. ते येऊन "कॅमेरा कुठाय?" म्हणून ओरडणार, मी पैशाचं सांगणार, ते जेवणार नाहीत म्हणणार, मी ताट झाकून ठेवणार. सगळं व्हायला पाहिजे, रीतसर. तेव्हा आता उभे राहू नका. अहो, जा ना! आणि दार ओढून घ्या.